आपले हात, आमचे हात

सुनिल्दा ओर्तिगोसाने सत्तावीस वर्षं जे काम केलं, ते पडद्यावर सुरू झालं की लोक उठून आत जायचे. कुणी तेरेरेच्या, म्हणजे गार काढ्याच्या, थर्मासात बर्फ भरायला, कुणी मोरीकडे, कुणी चुलीवरचा मंदिओकाचा कंद शिजला का ते बघायला. तिची सख्खी बहीणही त्याला अपवाद नव्हती. "तुझं संपलं की हाक मार गं," असं सांगून ती पदर झटकल्यासारखा एप्रन झटकत निघून जायची. सुनिल्दा राजधानी असुन्सिओनमधल्या एका टीव्ही चॅनेलवर कार्यक्रमांची टायटल्स करायची.

ती मूळची चार नंबरच्या बाजारातली. आई तिथे भाजी विकायची आणि पोरगी आजूबाजूच्या गाळ्यांच्या पाट्या रंगवायची. तिचं अक्षर इतकं देखणं होतं, की खाटकाने तक्रार केली: लोक माझ्यासमोर उभे राहून पाटी वाचतात आणि मटण शेजारून घेतात. आईच्या गाळ्यावर तिने एक पाटी लावली होती: 'टोमॅटो दाबू नयेत. दाबायचेच तर आपल्या घरचे दाबावेत.' ती पाटी वाचून चॅनेलचा एक साहेब थांबला, हसला, दोन टोमॅटो दाबले आणि एकोणीस वर्षांच्या सुनिल्दाला नोकरी देऊन गेला. सुरुवातीचे काही महिने तिने नुसतं सामान उचललं. मग टायटल्स करणारा म्हातारा निवृत्त झाला आणि त्याचं टेबल तिच्याकडे आलं. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगात नावं लिहायची आणि पुठ्ठे कॅमेऱ्यासमोरून हाताने सरकवायचे. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तोही ती शिकली. बातम्या, हवामान, सोडतीचे आकडे, रविवारची चर्चमधली मिसा, फुटबॉल, सगळ्यांची दारं तिने रंगवली. आत कोण राहतं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

तिला एकच खोड होती. ती टायटल्स शेवटपर्यंत वाचायची. थिएटरात झाडूवाली पायाशी येऊन उभी राहिली, तरी ही आपली केशभूषेच्या तिसऱ्या मदतनिसाचं नाव वाचत बसलेली असायची. "नातेवाईक आहे का कुणी?" असं झाडूवाली विचारायची. "नाही. कुणीतरी लिहिलंय ना एवढं," असं सुनिल्दा म्हणायची.

तर अशा या बाईकडे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यातलं पहिलं मानाचं काम आलं. सांस्कृतिक खातं आणि चॅनेल मिळून देशातल्या लोककलांवर आठ भागांची माहितीपट-मालिका काढणार होते. खर्चाचा मोठा भार तेरेरेची पत्ती, म्हणजे येर्बा, विकणारी एक कंपनी उचलणार होती. मालिकेचं नाव ठरलं होतं 'न्यान्दे पो'. ग्वारानी भाषेत 'पो' म्हणजे हात, आणि 'न्यान्दे' म्हणजे आपले. ग्वारानीत 'आपले' वेगळं आणि 'आमचे' वेगळं. समोरच्याला धरून बोलायचं तर 'न्यान्दे', त्याला वगळून बोलायचं तर 'ओरे'. स्पॅनिशवाल्यांना हे कितीही समजावलं तरी कळत नाही. मराठी माणसाला समजावण्याची गरज नाही. घराच्या वाटण्या या दोन शब्दांवरच होतात.

मालिकेचा दिग्दर्शक होता फाब्रिसिओ एलिसेचे. सहा वर्षं बार्सिलोनात काढून नुकताच परतला होता, आणि चाळीस अंशांच्या उन्हात गळ्यात लोकरी मफलर घालायचा. पहिल्या आठवड्यात चॅनेलच्या कँटीनवालीने त्याला मधलिंबू करून दिलं. तिला वाटलं, बिचाऱ्याचा घसा बसलाय. तो बोलताना मध्येच थांबायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. ऐकणारे वाट बघायचे. बरेचदा पुढे काही यायचंच नाही.

खात्यातर्फे डॉक्टर सानाब्रिया होते. ते औषधं देणारे डॉक्टर नव्हते; असुन्सिओनमध्ये कायद्याची परीक्षा दिलेला प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. एकदा एका समारंभात एक म्हातारी चक्कर येऊन पडली आणि "डॉक्टर, डॉक्टर" असा गलका झाला, तेव्हा हे पुढे झाले आणि त्यांनी गर्दीला भाषण केलं. त्यांना चष्मा होता, पण चारचौघांत तो ते लावत नसत, कारण फोटोत भिंगं चमकतात. कंपनीकडून जाहिरात खात्यातली एक तरुण मुलगी यायची. आणि ग्वारानीचे जाणकार म्हणून प्रोफेसर एलादिओ वेरोन होते. कृश, शांत, सतत तेरेरेची नळी तोंडात. त्यांचं दोन वर्षांपूर्वीचं एक मानधन खात्याकडे अजून अडकलेलं होतं, त्यामुळे ते विचारल्याशिवाय बोलत नसत.

पहिल्या बैठकीत टायटल्सचा विषय निघाला. चाळीस सेकंदांचा मामला. चर्चा अडीच तास चालली.

"मला धुकं दिसतंय," फाब्रिसिओ म्हणाला. "धुक्यातून एक घोडा येतो."

"कुठून?" सुनिल्दाने विचारलं.

"कुठूनही."

"मालिका भरतकामावर आहे, मातीकामावर आहे, हार्पवर आहे. घोडा कशाला?"

फाब्रिसिओने खिडकीबाहेर बघितलं. "घोडा म्हणजे घोडा नाही," तो म्हणाला, आणि पुढचं काही आलं नाही.

डॉक्टरांचा मुद्दा साधा होता. नावं कुठल्या क्रमाने येणार? त्यांचं नाव पहिलं यावं, असा त्यांचा आग्रह मुळीच नव्हता. फक्त ते दुसरं येऊ नये. कंपनीच्या मुलीला येर्ब्याचं हिरवं पान हवं होतं. ते मुद्दाम आणल्यासारखं वाटू नये, वाऱ्यावर सहज उडत यावं. चार वेळा. प्रोफेसरांनी 'न्यान्दे पो' हे दोन शब्द जोडून लिहावेत की तोडून, यावर अकरा पानांचं टिपण आणलं होतं. दोन पक्ष होते, दोघांकडे व्याकरण होतं, आणि तोडून लिहिणाऱ्यांशी जोडून लिहिणारे गेली नऊ वर्षं बोलत नव्हते. टिपणाचा निष्कर्ष असा, की तोडून लिहावेत.

सुनिल्दाने आपली कल्पना सांगितली ती शेवटच्या पाच मिनिटांत, लोक खुर्च्या सरकवत असताना. इटाउग्वाच्या बायका न्यान्दुती विणतात, कोळ्याच्या जाळ्यासारखी लेस. तीत मालिकेचं नाव विणून घ्यायचं, आणि विणताना दर चार टाक्यांनी एक फोटो काढायचा. पडद्यावर कुणाचा हात दिसणार नाही. धागे आपले आपण येतील, फिरतील, अक्षरं होतील.

"छान," फाब्रिसिओ म्हणाला. "म्हणजे धुक्यासारखंच."

"पानासाठी जागा राहील ना?" मुलीने विचारलं.

"नावं वर येतील की खाली?" डॉक्टरांनी विचारलं.

ठराव एकमताने पास झाला. कुणीच न ऐकलेला ठराव नेहमी एकमताने पास होतो.

इटाउग्वाला न्या फ्लाविआना ब्रिसुएला राहायची. वय एकाहत्तर, अंगाने सुकलेल्या काडीसारखी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. 'न्या' म्हणजे बाई, आणि गावात न्या म्हटलं की फ्लाविआनाच. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर ती आधी गोल आखायची, मग मध्यापासून कडेपर्यंत धागे टाकायची, चाकाच्या आऱ्यांसारखे. नंतर सुई त्या आऱ्यांमधून वरखाली पळायची आणि पेरूचं फूल उमटायचं, नाहीतर वारूळ, नाहीतर विंचू. शेवटी कांजी करायची, उन्हात वाळवायचं आणि मागचं कापड कातरीने हळूच कापून टाकायचं. मग हातात नुसती जाळी.

सुनिल्दाने पडवीत तिच्या डोक्यावर कॅमेरा टांगला आणि कागदावर मोठ्या रोमन अक्षरांत नाव लिहून समोर ठेवलं. न्या फ्लाविआनाने कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला आणि मांडीखाली सारला.

पहिला दिवस आरे टाकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहिलं अक्षर आकाराला येऊ लागलं. सुनिल्दा फोटो काढता काढता थांबली.

"न्या फ्लाविआना, पहिलं अक्षर 'न्या' आहे. दोन खांब, मध्ये तिरकी काठी, वर एक लाट."

"माहितेय."

"हे गोल होतंय."

"'ओ' गोलच असतो पोरी. चौकोनी 'ओ' तुमच्या असुन्सिओनात असेल."

"पण 'न्यान्दे'त 'ओ' कुठाय?"

"'न्यान्दे'त नाही. 'ओरे'त आहे." सुई चालूच होती. "ओरे पो. मी काय अडाणी वाटले तुला? चौथीपर्यंत शिकलेय."

सुनिल्दा स्टुलावर बसली. न्या फ्लाविआनाने तिच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये तो मफलरवाला आला होता, दोन दिवस, नऊ माणसं घेऊन. त्यांनी हिची अंडी देणारी कोंबडी खाल्ली आणि चव अस्सल आहे म्हणून वाखाणली. पडवीत उजेड बरा नाही म्हणून हिला अंगणात उन्हात बसवलं. प्लास्टिकची खुर्ची काढायला लावली. जुन्या काळी प्लास्टिक नव्हतं. मग चष्मा काढायला लावला.

"का?"

"जुन्या काळी चष्मे नव्हते म्हणे. मी म्हटलं, बाबा, माझ्या आईलाही होता. तर म्हणतो, चेहरा उघडा पाहिजे, वेदना दिसली पाहिजे. चष्म्याशिवाय मला माझं नाक दिसत नाही, सुई कुठली दिसणार. चार तास मी हवा विणली. तो म्हणाला, किती सुंदर."

सुनिल्दाला हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं.

"मग तो डॉक्टर आला. चिपाचा पाव खात खात आला, गुडघ्यावर चुरा. चौकटीवर हात ठेवून फोटो काढला. जिथे हात ठेवला तिथे तुपाचा डाग. तीन आठवड्यांचं काम. धुतलं, राखेने चोळलं, नाही गेला. आणि आता म्हणे, न्यान्दे पो. आपले हात." तिने धागा दातांनी तोडला. "माझी हरकत नाही. यावं त्यांनी. कांजी करावी, उन्हात चौकट धरावी, बोटं टोचून घ्यावीत. एक चाक पुरं करून दाखवावं, मी स्वतः 'न्यान्दे' विणून देते, वर लाट काढून."

सुनिल्दाने विचारलं, "आणि मी? मी 'ओरे'त आहे की बाहेर?"

न्या फ्लाविआनाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तू फोटो काढ. ऊन कलतंय."

काम एकोणीस दिवस चाललं. सुनिल्दा सकाळच्या बसने यायची, संध्याकाळच्या बसने जायची. नवव्या दिवशी कोंबडा चौकटीवर उडाला आणि चौदा फोटोंत त्याचा पाय आला. रोज परतीच्या बसमध्ये ती ठरवायची, की उद्या ऑफिसात सांगून टाकायचं. गुपचूप काही करण्यातली ती बाई नव्हती. सत्तावीस वर्षांत तिने कुणाच्या नावातला एक काना चुकवला नव्हता. एकदा तर न्यायाधीशांनीच आपलं आडनाव चुकीचं लिहून पाठवलेलं तिने दुरुस्त केलं होतं.

कच्चा तुकडा दाखवायची बैठक ठरली. त्या दिवशी ती खरोखरच सांगायला गेली होती.

"दाखवण्याआधी नावाबद्दल एक सांगायचंय," ती म्हणाली.

"नावांबद्दल आपण शेवटी बोलू," डॉक्टर म्हणाले. "तो नाजूक विषय आहे."

"तुमची नावं नाही. मालिकेचं..."

"बाई, आधी बघू. कलेला स्पष्टीकरण लागत नाही," असं फाब्रिसिओ म्हणाला. त्याची पुढची वीस मिनिटं यामागच्या स्पष्टीकरणात गेली.

तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं तेव्हा कंपनीच्या मुलीला फोन आला. चौथ्यांदा प्रोजेक्टरचा दिवा गेला. दिवा बदलून झाल्यावर सुनिल्दाने चष्मा पुसला, पाणी प्यायली, आणि पाचव्यांदा तोंड उघडलं नाही. तिने बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर एक पांढरा धागा आला. मग दुसरा. बघता बघता आऱ्यांचं चाक झालं, मग चाकामागून चाक. धागे श्वास घेतल्यासारखे हलत होते, कारण पडवीतला उजेड दर फोटोला थोडा बदलला होता आणि सुनिल्दाने तो मुद्दाम तसाच ठेवला होता. पेरूची फुलं फुलली आणि त्यांच्यामधून अक्षरं वर आली, जाळीदार, पातळ, पलीकडचा काळोख दाखवणारी. पाच अक्षरं आणि मध्ये प्रोफेसरांची मोकळी जागा.

मग सगळे बोलू लागले. फाब्रिसिओने डोळे मिटून घेतले होते. तो चित्र ऐकत होता. त्याने सांगितलं, की मला घोड्याचा अभाव जाणवतोय, आणि तो अभाव मला आवडलाय. डॉक्टरांनी बिनचष्म्याने पडद्याकडे बघत विचारलं, की माझं नाव या जाळीत विणता येईल का. मुलीने पानं मोजली, तीनच भरली. मालिकेचं नाव कुणीही वाचलं नाही. ते त्यांना पाठ होतं ना.

फक्त प्रोफेसर एलादिओंची तेरेरेची नळी ओठांशी थबकली होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग सुनिल्दाकडे, मग परत पडद्याकडे.

"प्रोफेसर, तुमचं काही?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रोफेसरांनी सावकाश घोट घेतला. "शुद्धलेखन निर्दोष आहे," ते म्हणाले.

बाहेर जिन्यावर सुनिल्दाने त्यांना गाठलं. "तुम्ही पाहिलंत ना? मग बोलला का नाहीत?"

"मला शुद्धलेखनाबद्दल विचारलं होतं. अर्थाबद्दल विचारलं असतं तर वेगळं मानधन." दोन पायऱ्या उतरून ते वळले. "आणि खरं सांगू, न्या सुनिल्दा? नऊ वर्षांत इतकं बिनचूक ग्वारानी मी खात्याच्या भिंतीवर पाहिलं नाही."

पहिल्या भागाचा खेळ मोठ्या सभागृहात झाला. बाहेर पोस्टर होतं 'न्यान्दे पो', हातभर उंच अक्षरांत, खाली डॉक्टरांचा फोटो. समोरच्या रांगांत राजदूत, बँकवाले, डॉक्टरांचे साडू. ज्यांच्यावर मालिका होती ते कारागीर दोन बस भरून आणले होते आणि वर गॅलरीत बसवले होते. खालून वर जायचा जिना मागच्या गल्लीतून होता. सुनिल्दा प्रोजेक्टरच्या खोलीच्या दाराशी उभी होती.

दिवे गेले. धागा आला, चाकं आली, फुलं आली, अक्षरं आली. ओरे पो. आमचे हात.

गॅलरीत एका बाईचं हसू ऐकू आलं, दाबलेलं, नाकातून निघालेलं. मग आणखी एक. मग गॅलरीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या इतक्या वाजल्या की खाली रांगांत बसलेल्यांनी माना वळवून वर पाहिलं आणि इथे टाळ्या वाजवायच्या असतात असं समजून त्यांनीही वाजवल्या. डॉक्टर उठून अर्धवट वाकले. डॉक्टरांच्या बायकोने त्यांची बाही ओढली आणि कानात काहीतरी सांगितलं. डॉक्टर हळूहळू खाली बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत खिशातून चष्मा काढला. तोपर्यंत पडद्यावर पान उडत होतं.

खेळानंतरच्या खाण्यापिण्यात एका वर्तमानपत्राची वार्ताहर फाब्रिसिओसमोर उभी राहिली. "पोस्टरवर 'न्यान्दे' आणि पडद्यावर 'ओरे'. हे का?"

फाब्रिसिओला ग्वारानी बेताचंच येत होतं. स्वयंपाकीणबाईशी बोलण्यापुरतं, आणि तेही तिचं ऐकण्यापुरतं. त्याने भिंतीकडे पाहिलं, कारण खिडकी नव्हती.

"हा प्रश्न तुम्ही विचारावा," तो म्हणाला, "म्हणूनच मी ही मालिका केली."

यापुढे तो चाळीस मिनिटं थांबला नाही. बाहेर 'आपण' म्हणून बोलावतो, आत 'आम्ही' म्हणून दार लावतो, प्रेक्षक उंबऱ्यावर अस्वस्थ उभा राहतो. वार्ताहर लिहून घेत होती. डॉक्टर जवळ आले, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि त्यांनाही आठवलं, की खात्याची पहिल्यापासून हीच भूमिका होती.

कोपऱ्यात सुनिल्दा सोपाचा, मक्याच्या केकसारख्या पावाचा, तुकडा बशीत घेऊन उभी होती. आपण काय केलं याची तिला दिवसभर भीती वाटली होती. आता तेच काम समोर दोन माणसं वाटून घेत होती आणि तिला काय वाटावं ते ठरत नव्हतं. खेळ संपताना शेवटची नावं पडद्यावर सरकली ती तिने दारातूनच बघितली होती. तिचं नाव तळाला होतं. कंपनीने आयत्या वेळी चौथं पान घालून घेतलं होतं, आणि ते वाऱ्यावर सहज उडत आलं आणि नेमकं 'सुनिल्दा'वर बसलं. 'ओर्तिगोसा' तेवढं वाचता आलं.

आठवड्याभराने तिच्या टेबलावर खात्याचं एकच पाकीट आलं. आत दोन कागद. पहिला कारणे दाखवा: मंजूर शीर्षकात परस्पर बदल कसा झाला याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. दुसरा अभिनंदनाचा: शीर्षकाच्या धाडसी मांडणीबद्दल खात्याला अभिमान वाटतो. दोन्हींवर सही डॉक्टर सानाब्रियांची, तारीख तीच. सुनिल्दाने दोन्हींना मिळून एक उत्तर धाडलं: 'पत्रं मिळाली. आभारी आहे. खुलासा असा, की अक्षरं सुवाच्य आहेत आणि प्रत्येक बैठकीत सर्वांसमोर होती.'

त्यावर काही आलं नाही. फाब्रिसिओ टायटल्स घेऊन परदेशातल्या एका महोत्सवात गेला, बक्षीस घेऊन आला आणि विद्यापीठात 'वगळणारं बहुवचन' या विषयावर व्याख्यानं देऊ लागला. आता मफलर रेशमी होता. सुनिल्दाला चॅनेलने दुपारच्या पाककृतींचा कार्यक्रम दिला. यापुढे कुठल्याही शीर्षकाची तपासणी पाच जणांची समिती करील, असा नियमही निघाला. त्या समितीची पहिली बैठक अजून व्हायची आहे, कारण समितीचं नाव जोडून लिहावं की तोडून, हे ठरलेलं नाही.

पुढच्या वर्षी खात्याला कळलं, की ती लेस म्हणजे राष्ट्रीय ठेवा आहे. डॉक्टर आणि फाब्रिसिओ चॅनेलच्या गाडीने इटाउग्वाला निघाले आणि घर आठवणारी म्हणून सुनिल्दाला पुढे बसवलं. वाटेत काचेची पेटी केवढी करायची यावर चर्चा झाली.

न्या फ्लाविआना पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विणत होती. चष्म्याची दुसरी काडीही आता दोऱ्याची झाली होती.

"ती लेस?" ती म्हणाली. "धाकट्या सुनेने नेली. बारशाला केकच्या ताटावर घातली होती. जेली सांडली, मग कापून तिने पडद्याला लावली."

फाब्रिसिओने कपाळाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, "आजी, तो देशाचा वारसा होता."

"होता ना. म्हणून तर रोज वापरात आहे." तिने सुईत धागा ओवला. "हवी असेल तर दुसरी करून देते. महिनाभर लागेल. फक्त एक सांगा."

"काय?"

"कुठलं विणू? न्यान्दे की ओरे?"

डॉक्टरांनी फाब्रिसिओकडे पाहिलं. फाब्रिसिओने अंगणाकडे पाहिलं. तिथे एक कोंबडी माती उकरत होती. 'न्यान्दे' म्हणावं तर बक्षीस 'ओरे'ला मिळालेलं. 'ओरे' म्हणावं तर खात्याच्या काचेच्या पेटीत खात्यालाच बाहेर उभं केल्यासारखं. दोघं गाडीपाशी जाऊन हलक्या आवाजात बोलले. एकाने फोन लावला, तो लागला नाही.

"आम्ही विचारून कळवतो," डॉक्टर परत येऊन म्हणाले.

"कळवा हं," न्या फ्लाविआना म्हणाली. "बघा, आत्ता कसं बरोबर बोललात. 'आम्ही' म्हणालात."

डॉक्टर हसले, कारण काय झालं ते त्यांना नीट कळलं नव्हतं. गाडी वळली. फाब्रिसिओने काच खाली करून विचारलं, "सुनिल्दा, येताय ना?"

"पुढच्या बसने येते," ती म्हणाली.

तिने पायरीवर बसून पिशवीतून छोटी चौकट काढली. महिनाभर ती दर शनिवारी शिकायला येत होती. तिचं पहिलं चाक एका बाजूने फुगलेलं आणि दुसऱ्या बाजूने आक्रसलेलं होतं. न्या फ्लाविआनाने ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं.

"हे काय आहे?"

"पेरूचं फूल."

"तळलेलं अंडं आहे," म्हातारी म्हणाली आणि कातर पुढे केली. "उसव. मध्यापासून नाही, कडेपासून. आणि आरे मोजून घाल, तुला घाई फार."

सुनिल्दा उसवायला बसली. पाचच्या बसला अजून दोन तास होते.